तिसरी गाडी

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचं, दोन पावलं मागे सरायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि म्हणायचं, "आधी बसा. मग बोलू." गाडी बघायला आलेल्या प्रत्येकाला आमचे साहेब हेच सांगत. सांगत इंग्रजीतच, पण ऐकताना वाटायचं, कोथरूडच्या एखाद्या घरात कुणी पाहुण्याला खुर्ची पुढे करतंय.

गिऱ्हाईक दारात दिसलं की तोंड सुरू करणारे विक्रेते तुम्हीही पाहिले असतील. हे तसे नव्हते. समोरचा माणूस सीटवर टेकून, आरसा आपल्या उंचीला लावून, स्टिअरिंगवर हात ठेवेपर्यंत ते अवाक्षर काढत नसत.

ऑकलंडच्या पश्चिमेला, हेन्डरसनमध्ये आमचं गाड्यांचं यार्ड होतं. मी सर्व्हिसच्या काउंटरवर, ते विक्रीला. यार्डात मराठी आम्ही दोघंच. मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी ते मला ताई म्हणत आणि मी त्यांना साहेब. चिंचवडच्या एका कारखान्यात ते इंजिनिअर होते. चाळिशी जवळ आली असताना इकडे शिकायला आले, मागून बायको आणि मुलगी आल्या. इंजिनिअरची नोकरी काही मिळाली नाही. गाड्या विकायची मिळाली.

आमच्याकडे मोठ्या ऑस्ट्रेलियन सेडान असत, ऑस्ट्रेलियातच बनलेल्या. लांब बॉनेट, दणदणीत इंजिन. वेस्ट ऑकलंडच्या लोकांचा या गाड्यांवर भारी जीव. दंडभर गोंदण, काळी जीन्स, पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, अशी धिप्पाड माणसं इंजिनावर वाकून तासभर बोलत आणि साहेबांचा चेहरा खुलत जाई. "ताई, हे लोक म्हणजे आपले बैलगाडा शर्यतवाले," ते मला हळूच सांगत. "बैलाचे दात मोजल्याशिवाय घरी जायचे नाहीत."

पण बोलणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, असे दिवस आले होते. लोकांना आता उंच गाड्या हव्या होत्या. एकदा सकाळच्या चहाला म्हाताऱ्या मालकाने सगळ्यांना सरळच सांगितलं. ऑस्ट्रेलियातून सेडानचं नवीन मॉडेल येतंय, ते चाललं नाही तर ख्रिसमसनंतर ही शाखा बंद.

बाकीचे हळहळले आणि कामाला लागले. साहेबांनी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं. त्यांच्या व्हिसावर या यार्डाचं नाव होतं. यार्ड गेलं की व्हिसा गेला, आणि कायम राहण्यासाठी केलेला अर्जही गेला.

"ताई, यांची नोकरी जाईल," ते म्हणाले. "आमचं घरच जाईल."

त्या दिवसापासून ते त्या गाडीची वाट बघू लागले. लग्नाच्या मुलीच्या बापाने चांगल्या स्थळाची बघावी, तशी. तिचा फोटो टेबलाच्या काचेखाली ठेवला. जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. रोज डबा खाता खाता मला नवी बातमी सांगत. बॉनेट आता ॲल्युमिनियमचं आहे. स्वतःहून पार्किंग करते म्हणे. घरी ते आरशासमोर उभं राहून माहिती सांगायचा सराव करत आणि सात वर्षांची लेक उच्चार सुधारत असे. "आज पोरीने तीनदा थांबवलं," ते हसून सांगत. "बाबा, नो वन सेज इट लाइक दॅट!" हसत, पण डब्यातली पोळी तशीच राहायची.

जहाज लांबलं. एक आठवडा, मग आणखी एक. साहेब दिवसातून चार वेळा फाटकापर्यंत जाऊन येत. मला वाटतं, या काळात त्यांची झोप उडाली होती. शर्टाची कॉलर मानेभोवती ढिली दिसू लागली होती.

अखेर एका थंड सकाळी ट्रेलर आला. तीन गाड्या उतरल्या. एक लाल, एक पांढरी, एक गडद निळी. पत्र्यावर अजून पांढरं संरक्षक प्लास्टिक होतं. साहेबांनी ते कुणालाच काढू दिलं नाही, स्वतः सोललं, हलक्या हाताने, बाळाचं झबलं उतरवावं तसं. मग दार आणि बॉडी यांच्यामधल्या फटीवरून नख फिरवत गेले. दार लावून पाहिलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. भरीव, मऊ आवाज यायचा. शेवटी आत बसले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

"चला ताई, फिरवून आणू."

पिहाच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याने आम्ही डोंगरात गेलो. मला गाड्यांतलं फार कळत नाही. पण ती गाडी वळणावर अशी बसत होती की मांडीवरच्या पर्समधल्या किल्ल्यासुद्धा वाजल्या नाहीत. वर, समुद्र दिसतो तिथे त्यांनी गाडी थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

"चांगली नाही का?" मी विचारलं.

"फार चांगली आहे. ताई, इतकी चांगली गाडी त्यांनी आजवर बनवली नसेल." त्यांनी इंजिन बंद केलं. "वाईट असती तर बरं झालं असतं. मनाला समजावता आलं असतं. आता एवढी चांगली गाडीही लोकांनी घेतली नाही, तर मी करू काय?"

लोक आले. खूप आले. बसले, इंजिन सुरू करून डोळे मिटून आवाज ऐकला, बायकांना फोटो काढायला लावले. "स्वीट ॲज, मेट," म्हणजे एकदम झकास, असं म्हणून साहेबांच्या पाठीवर थाप मारली आणि आपापल्या जुन्या गाड्यांतून घरी गेले. लाल गाडी गेली. काही महिन्यांनी पांढरी गेली. डिसेंबरात, इकडचा उन्हाळा सुरू होता होता, बातमी आली, ऑस्ट्रेलियातला कारखानाच काही वर्षांत बंद होणार. चहाच्या खोलीत रेडिओवर आम्ही ती उभ्याउभ्या ऐकली. साहेबांनी कप धुतला, पुसला आणि पुन्हा धुतला.

मालक मनाने चांगला होता. त्याने साहेबांना बोलावून सांगितलं, "ख्रिसमसच्या आत ती तिसरी गाडी विक. मी शाखा आणखी वर्षभर ओढतो आणि तुझं इमिग्रेशनचं पत्र लिहून देतो."

ख्रिसमसला चार दिवस असताना एक माओरी बाई आपल्या वडिलांना घेऊन आली. ती ऑकलंडमध्ये बस चालवायची. वडील सत्तरीचे, उंच, भारदस्त. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी जन्मभर अशाच सेडान चालवल्या होत्या. ही शेवटची बापलेकीने मिळून घ्यायची, असं ठरवूनच आली होती दोघं.

"किया ओरा," वडिलांनी त्यांच्या भाषेत नमस्कार केला. "निळी आहे ना? दाखव."

साहेबांनी दार उघडलं, दोन पावलं मागे सरले, म्हणाले, "आधी बसा."

म्हातारे बसले. गाडी खालची, त्यामुळे शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसले. चेहरा असा उजळला की मुलीने डोळे पुसले. "हीच," ती म्हणाली. "कागद काढा."

मग म्हातारे उतरायला लागले. एक पाय बाहेर आला. दुसरा येईना. त्यांनी दाराची कड धरली, सोडली, छताला हात लावला. मुलगी धावली. "सवय होईल," ते दात आवळून म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

मी काउंटरवरून सगळं बघत होते. साहेबांच्या हातात कागद होते, पेन होतं. ते "एक मिनिट" म्हणाले आणि मागे गाड्या धुतात तिथे गेले. मी मागोमाग गेले. नळ सोडून ते तोंडावर पाणी मारत होते.

"साहेब, चला. त्या थांबल्यात."

"बघितलंस ना तू?" पहिल्यांदाच ते मला अगं-तुगं करून बोलत होते.

"त्यांना हवीये ती गाडी! त्यांनी स्वतः मागितलीये."

त्यांनी नळ बंद केला. ओल्या चेहऱ्यानेच बाहेर आले आणि त्या बाईला म्हणाले, "ही घेऊ नका. रोज दोनदा त्यांना असं उठावं लागेल. रस्त्यापलीकडच्या यार्डात उंच गाड्या आहेत, त्यात बसवून बघा."

बापलेक गेली. माझा संताप झाला होता. "वेडे आहात का तुम्ही? पोरीच्या शाळेचा तरी विचार करायचा!"

साहेब खुर्चीत बसून राहिले. अर्ध्या तासाने ताडकन उठले. "चुकलं माझं. परत बोलावतो त्यांना," म्हणाले आणि रस्ता ओलांडून अक्षरशः पळत सुटले. जाणाऱ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. मी काचेतून बघत होते. पलीकडच्या यार्डाच्या फाटकाशी ते थांबले. आत म्हातारे एका उंच गाडीत ऐसपैस बसले होते. त्यांनी साहेबांना बघून हात हलवला. मग एकट्याने, सहज खाली उतरून दाखवलं आणि पुन्हा चढून बसले. साहेबांनीही हात वर केला. तो तसाच वर धरून काही वेळ उभे राहिले आणि परत आले.

त्या दिवशी ते रडले. चहाच्या खोलीत, टेबलावर डोकं ठेवून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

नव्या वर्षात शाखा बंद झाली आणि निळी गाडी मालकाच्या दुसऱ्या शाखेत गेली. साहेबांनी ख्राइस्टचर्चपर्यंत अर्ज केले. तिकडे भूकंपानंतरची बांधकामं जोरात होती, पण मुदतीत कुणाचं पत्र आलं नाही. फेब्रुवारीत ते तिघं पुण्याला परत गेले. विमानतळावर मुलगी माझ्या कमरेला मिठी मारून इंग्रजीत विचारत होती, आपण परत कधी यायचं. साहेब सामानाचे पट्टे आवळत होते. आवळून झालेले पट्टे पुन्हा सोडून आवळत होते.

मला शेजारच्या टायरच्या दुकानात काम मिळालं. एप्रिलमध्ये एके दुपारी बंद यार्डापुढे एक उंच गाडी थांबली. ते म्हातारे उतरले, हातात पिशवी. घरच्या झाडाची फिजोआ होती, ही इकडची हिरवी, आंबटगोड फळं. कुलूप बघून ते दुकानात आले.

"इथला तो माणूस कुठे गेला?"

"घरी गेला. भारतात."

"सुट्टीवर?"

मी मान हलवून नाही म्हटलं. ते फाटकाच्या साखळीकडे बघत उभे राहिले. मग पिशवी माझ्या काउंटरवर ठेवली. म्हणाले, "त्याच्यासाठी आणली होती," आणि काठी टेकत गाडीकडे गेले.