मी सांगितलेला सोमवार

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो तरी गावात मला सगळे मेजर म्हणतात. आमच्याकडे कुणीही फौजी घरी परतला की त्याचा मेजर होतो, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. पण मला ते आवडतं. हाक ऐकली की पाठ आपोआप सरळ होते. स्वतःच्या आठवणीचाही मला असाच ताठा होता. वीस वर्षांपूर्वी कुठल्या चौकीवर कुणाबरोबर पहारा दिला ते मी धडाधड सांगायचो, आणि बायकोची एखादी तारीख चुकली की तिच्यावर खेकसायचो.

त्या वर्षी आमचा कृष्णाकाठचा ऊस तुटून गेला आणि औंधच्या पलीकडचा एक मेंढपाळ नेहमीसारखा कळप घेऊन आला. मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, त्याला ज्वारी मिळते, असा आमचा जुना रिवाज. या खेपेला तो दोन रात्री बसला. मधल्या दिवशी दुपारी मी रानात गेलो तर कळप त्याच्या भावाबरोबर चरायला गेलेला, आणि हा एका अडलेल्या मेंढीपाशी बसून होता. त्याची बायको तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. ती मला वाढायला लागली तेव्हा मी म्हणालो, "नगं, आज उपास हाय." मग तिनं तांब्यातून दूध दिलं. मेंढीचं कोकरू आडवं आलं होतं. त्यानं हात घालून ते सरळ केलं आणि बाहेर काढलं. मी दिवस कलेपर्यंत तिथंच बसून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तळ हलवला.

पंधरा-सोळा दिवसांनी पोलिसांची गाडी दारात उभी राहिली. मेंढरं बसली त्याच आठवड्यात बुधवारी भरदुपारी शेजारच्या गावात वस्तीवर एकटी राहणारी एक म्हातारी मारली गेली होती आणि तिच्या अंगावरचं सोनं गेलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. काही दिवस आधी तिकडून येताना मेंढपाळानं तिच्या दारात पाणी मागितलेलं कुणीतरी पाहिलं होतं. तेवढ्यावर त्याला उचललं होतं. परमुलखातला, पालावर राहणारा माणूस, त्याच्यावर संशय घ्यायला आणखी काय लागतं?

तपास करणारे साहेब तरुण होते, बोलायला नीट होते. ओट्यावर बसून म्हणाले, "त्याला तारखा सांगता येत नाहीत. कुठल्या दिवशी कुठं होतास विचारलं की रानं मोजतो. मास्तरांच्या रानात तीन रात्री, विहिरीच्या पट्टीत एक, मग मेजरच्या रानात दोन. म्हणतो, दुसऱ्या दिवशी मेजरना उपास होता, त्यांनी भाकरी खाल्ली नाही, दूध घेतलं. कुठला वार होता तो?"

"सोमवार," मी म्हणालो.

"नक्की?"

मला राग आला. "सायेब, पंचवीस वर्सं सोमवार धरतोय मी. उपास म्हंजी सोमवारच."

साहेबांनी लिहून घेतलं. मेंढरं रविवारी संध्याकाळी आली, मंगळवारी सकाळी गेली. म्हणजे बुधवारी तो माझ्या रानात नव्हताच. मोबाईलचा काही उपयोग नव्हता, दोन्ही गावांना टॉवर एकच. शेजारच्या रानवाल्यांना काही आठवत नव्हतं. जाताना साहेब म्हणाले, "खरं बोलणारा माणूस असा बोलतो, मेजर. तो प्रत्येक प्रश्नाला अडखळतो. एकदा तीन रात्री म्हणतो, एकदा चार." हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? मी त्यांना चहा पाजूनच सोडलं.

आता मी यावर फार विचार केला आहे. ज्यानं काही केलेलं असतं त्याच्याकडे त्या दिवसाचं उत्तर तयार असतं. एसटीचं तिकीट असतं, साक्षीला मेव्हणा असतो. ज्यानं काहीच केलेलं नसतं त्याचा तो दिवस इतर दिवसांत मिसळून जातो. पंधरा दिवसांपूर्वीच्या दुपारी मी काय करत होतो हे आज मला कुणी विचारलं, तर मी आठवणार नाही, बनवणार. नेहमी काय करतो ते बघणार आणि तेच त्या दिवशी केलं असं ठोकून देणार. आणि ते बोलताना मला स्वतःलाच ते खरं वाटणार. त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो, हेच मला सगळ्यात जास्त खातं.

आणखी दोन आठवड्यांनी एका सकाळी बायको म्हणाली, "आवं, आज संकष्टी हाय. गेल्या येळंवानी मेंढरांकडं जाऊन दूध पिऊ नगा, घरात काय ते घ्या."

आमच्या मुलीचं दोनदा वाया गेलं होतं आणि तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. बायकोनं आम्हा दोघांच्या पाच संकष्ट्या बोलल्या होत्या. मी कुरकुर करत पहिली धरली होती. पंचवीस वर्षांच्या सोमवारांखाली ती एक संकष्टी पार दबून गेली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मी मागं उलटलं. तिनं पेनानं गोल केला होता. बुधवार.

म्हातारी मेली त्या दुपारी तो माणूस माझ्यासमोर बसून कोकरू सोडवत होता. मी खाली बसलो.

लगेच उठून ठाण्यात जायला हवं होतं. मी गेलो नाही. अकरा दिवस गेलो नाही. कोर्टात खरं-खोटं होईलच, असं स्वतःला सांगितलं. साहेब काय म्हणतील, गाव काय म्हणेल, हे घोळवत बसलो. सीमेवर गोळीला भ्यालो नाही असं पोरांना सांगणारा मी, 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द म्हणायला घाबरलो. त्या दिवसांत तो माणूस न्यायालयीन कोठडीत होता. हे मला भाकरी मोडताना रोज आठवायचं, आणि तरी मी भाकरी खायचो.

बाराव्या दिवशी बायकोनं ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, "त्याची बायकू पन तितंच हुती की. तिचं कुनी लिवून घेतलं न्हाई. तुमचं घेतलं." मी ताटावरून उठलो आणि गाडीला किक मारली.

साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. तेच साहेब, पण आता नजर वेगळी होती. "त्याच्याकडचं कुणी भेटून गेलं का, मेजर?"

"न्हाई, सायेब."

"महिन्याभरानं आठवलं?"

मी कॅलेंडरचं पान घडी करून आणलं होतं, ते पुढं ठेवलं. त्यांनी उचललंसुद्धा नाही. मग मला विचारलं, "बरं, त्या बुधवारी दुपारी तुम्ही कुठं होता? कुणी सांगेल?"

"त्योच सांगंल," मी म्हणालो. "माझ्यासंगं त्योच हुता."

साहेब हसले. माझा पुरवणी जबाब घेतला, सही घेतली. तो कुठं लागला, कुणी वाचला, मला माहीत नाही. मेंढपाळ सुटला तो पुढे तीन महिन्यांनी, आणि माझ्यामुळे नाही. म्हातारीच्या नात्यातल्याच दोघांनी तिच्या पाटल्या सांगलीत मोडायला नेल्या आणि ते सापडले.

मी एसटीनं औंधला गेलो आणि तिथून विचारत विचारत त्याच्या वस्तीवर पोचलो. मेंढरांचं वाडगं रिकामं होतं. माणूस आत, भावाला एकट्याला कळप आवरेना, तेव्हा वकिलासाठी निम्मी मेंढरं विकली आणि उरलेली रोगानं गेली. तो दारात बसला होता. त्याची बायको पलीकडे शेंगा फोडत होती. मी हात जोडले आणि माझं चुकलं म्हणालो. आयुष्यात कुणाला असं म्हणाल्याचं मला आठवत नाही.

त्यानं मला खाली बसवलं. "तुमचं काय चुकलं, मेजर? सायबानं तुमचा जबाब वाचून दावला. मग मला पन वाटलं, सोमवारच आसंल. ही भेटाय आली तवा म्हनली, न्हाई, बुधवारच हुता. मी तिच्यावर वरडलो. म्हनलं, मेजरपरास तुला जास्ती कळतंय व्हय?"

ती शेंगा फोडत राहिली.

"मग बुधवारी मी कुटं हुतो, ते आठवंना," तो म्हणाला. "म्हातारीचं दार तेवडं आठवायचं, पानी प्यालेलं. रोज तेच दार. शेवटी वाटाय लागलं, आपुनच केलं का काय."

"आरं, सापडली की ती मानसं," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "सापडली म्हनत्यात."