पेठेचे गोल जपणारी

मंगळवार पेठेत संयोगिता साळोखे कुठं राहतात असं विचारलं, तर माणसं डोकं खाजवतात. 'शूटिंगवाल्या आक्का' म्हटलं की मात्र कुणीही त्यांच्या नवऱ्याच्या, विश्वजित साळोख्यांच्या दूध डेअरीच्या दारात आणून सोडतं. डेअरीच्या वरच्या खोलीत आक्कांचा कॉम्प्युटर आहे, आणि त्या कॉम्प्युटरजवळ पेठेचा सगळा फुटबॉल आहे.

सुरुवात भावामुळं झाली. यशराज, आक्कांचा धाकटा भाऊ, जयघोष तरुण मंडळाकडून लेफ्ट आउट खेळायचा. मुलीच्या बारशासाठी घेतलेला कॅमेरा घेऊन आक्का एकदा त्याचा सामना बघायला स्टेडियमवर गेल्या. गॅलरीत तेव्हा बायका फारशा नसायच्या. "पावणं, सरका जरा, वहिनींना जागा द्या," असं कुणीतरी ओरडलं. जागा झाली आणि ती कायमची त्यांची झाली. पुढं यशराजचं खेळणं सुटलं, तो मुरगूडला शाळेत नोकरीला लागला, तरी आक्कांचं शूटिंग सुटलं नाही. हंगाम सुरू झाला की डेअरीचं काम आटोपून त्या कॅमेरा खांद्याला लावून निघायच्या. खेळाडू घरी यायचे. "आक्का, माझी ती फ्री किक द्या की मोबाईलवर." आक्का शोधून द्यायच्या, वर चहा पाजायच्या.

हे सगळे सामने सुट्या हार्ड डिस्कमध्ये होते, आणि डिस्क फराळाच्या रिकाम्या डब्यात. एक भरली की दुसरी आणायची, असा त्यांचा कारभार. एक दिवस त्यातली एक डिस्क जोडली तर आतून टकटक आवाज यायला लागला. कॉम्प्युटरला ती दिसेना. आक्कांनी ती राजारामपुरीत दाखवली, मग पुण्याला पाठवली. तिकडूनही ती तशीच परत आली. यशराजच्या शेवटच्या हंगामाचे सगळे सामने त्यात होते.

त्यांनी भावाला फोन केला.

"जाऊ दे गं ताई. मी खेळलो ते लोकांनी बघितलंय की."

फोन ठेवून आक्का डेअरीच्या मागं जाऊन रडल्या. विश्वजितनं बघितलं. त्यानं नुसता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तोंड धुऊन आक्का म्हणाल्या, "आता ह्यापुढं एक मिनिट पण जाऊ देणार न्हाय मी."

दुसऱ्या दिवशी त्या आदर्शच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. आदर्श त्यांच्याच पेठेतला, जयघोषचा कट्टर. त्यानं आधी एक भलीमोठी डिस्क पुढं ठेवली. "आक्का, सगळे सामने ह्या एकात मावतील."

"आणि ही मेली तर?"

"मग... सगळंच गेलं."

"मग ती नको. दुसरं दाखव."

इंटरनेटवर ठेवायचं म्हटलं, तर घरच्या लाइनवरून इतके सामने वर चढायला वर्ष लागलं असतं. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना वायफायवरून सामने पुरवणारी डिस्कची पेटी चांगली होती, पण आक्कांचा कॉम्प्युटर एकच. शेवटी आदर्शनं चार खणांची एक काळी पेटी काढली. प्रत्येक खणात एक डिस्क सरकवायची आणि पेटी एका वायरनं कॉम्प्युटरला जोडायची.

"ह्यात प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिता येते. एक गेली तरी दुसरीवर तेच असतं. फक्त जागा निम्मीच मिळणार."

"निम्मी चालंल. बांध."

पेटी घरी आली. वरच्या खोलीत पंख्याचा घूं आवाज सुरू झाला, चार हिरवे दिवे लागले. विश्वजित दारात उभा राहून बघत होता. "म्हशींना गोठा बांधला, आता ह्यांना पण बांधला म्हण की!"

आक्का हसल्या, पण घाई केली नाही. जुन्या डिस्कमधून त्यांनी फक्त दोन सामने पेटीत उतरवून घेतले. एक सामना चालू केला आणि भर सामन्यात एका खणातली डिस्क ओढून काढली.

"अगं अगं, काय करतीस!" विश्वजित ओरडला.

पडदा काळा झाला. पेटीच कॉम्प्युटरवरून गायब झाली. आक्का त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिल्या. आदर्शनं सांगितलं होतं एक आणि झालं होतं भलतंच. त्यांनी पेटीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं, आदर्शला फोन लावला, आणि दोघांनी मिळून घोळ शोधून काढला. पेटी कारखान्यातून येतानाच चारी डिस्क मिळून एक मोठी जागा करायच्या बेतानं लावलेली होती, म्हणजे एक निघाली की सगळंच बंद. मागच्या बाजूला बारीक खटके होते. ते बदलले की आतलं सगळं पुसलं जाणार होतं, पण पुसण्यासारखं आत होतंच काय? सगळे सामने अजून जुन्या डिस्कमध्ये सुखरूप होते.

खटके बदलले. दोन सामने पुन्हा उतरवले. आक्कांनी पुन्हा सामना चालू केला आणि पुन्हा डिस्क ओढली. पेटीनं बीप बीप करून आरडाओरडा केला, एक दिवा लाल झाला, पण पडद्यावर बॉल पळतच राहिला.

"पळतोय की!" विश्वजित म्हणाला.

"पळणारच," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी टाळी द्यायला हात पुढं केला.

ओढलेली डिस्क परत खणात बसवली आणि मग एकेक जुनी डिस्क पेटीत रिकामी व्हायला लागली. आणखी एक प्रत त्यांनी मोठ्या सुट्या डिस्कवर काढून मुरगूडला भावाकडं ठेवायला दिली. घराला काही झालं तर पेटीसकट सगळं जाईल, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

त्या वर्षी मंडळाचा वर्धापनदिन होता. जुन्या खेळाडूंना बोलावून मोठ्या पडद्यावर जुने सामने दाखवायचं ठरलं. कोण कुठला सामना मागेल सांगता येत नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर आणि पेटी दोन्ही वाकळेत गुंडाळून डेअरीच्या टेम्पोतून हॉलवर नेली. रस्त्यावर रोजचेच खड्डे होते.

हॉल गच्च भरला होता. नेसरीहून मृत्युंजय आला होता. एके काळी जयघोषचा गोलकीपर, फाउंड्रीत नोकरी करून खेळायचा. आता गावी ऊस बघतो. तो मागच्या रांगेत संकोचून बसला होता. पोरांनी गलका केला, "टायब्रेकर लावा, आक्का! मृत्युंजयदादाचा टायब्रेकर!"

आक्कांनी तो सामना लावला. पहिली पेनल्टी मृत्युंजयनं डावीकडं झेपावून अडवली. हॉल उसळला. आणि तेवढ्यात पेटी ओरडायला लागली. एक दिवा लालभडक.

विश्वजित टेबलाकडं धावला. "अगं, लाल पेटला! खड्ड्यात दणका बसला वाटतं!"

"पेटू दे. सामना थांबला का?"

त्यानं पडद्याकडं बघितलं. "न्हाय."

"मग बसा खाली."

शेवटची पेनल्टी आली. पडद्यावरचा तरुण मृत्युंजय हवेत आडवा झाला, बॉल त्याच्या बोटांना लागून खांबावर आदळला, आणि माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. पोरांनी मागच्या रांगेतल्या मृत्युंजयला उचलून खांद्यावर घेतलं. हलगी वाजायला लागली. यशराज मुरगूडहून आला होता. तो गर्दीतून वाट काढत बहिणीजवळ आला आणि तिच्या कानाशी ओरडला, "ताई, तू जिंकलीस!"

दुसऱ्या दिवशी आदर्शनं नवी डिस्क आणून खणात सरकवली. पेटीनं आपोआप सगळं तिच्यावर उतरवून घेतलं. लाल दिवा हिरवा झाला. एकही सामना गेला नव्हता.

त्या कार्यक्रमातून निघताना मृत्युंजय आक्कांना म्हणाला होता, "आमच्या अव्वानं मला खेळताना कधी बघितलंच न्हाय. गावाकडचं काम सोडून तिला येता आलं न्हाय कधी."

पुढच्या रविवारी आक्का आणि विश्वजित नेसरीला गेले. मृत्युंजयच्या घरी सोप्यात टीव्ही होता. त्याला पेन ड्राइव्ह लावला. त्याची आई शांतव्वा खाली पाय पसरून बसली आणि पदर सावरून पडद्याकडं बघायला लागली. गोलात उभा असलेला बारीक पोरगा तिला आधी ओळखूच आला नाही. मग त्यानं पहिली झेप घेतली आणि ती दचकून म्हणाली, "अय्यो! पडला की गं!"

"पडला न्हाय अव्वा, अडवला," मृत्युंजय हसून म्हणाला.

शेवटची पेनल्टी खांबाला लागली तशी शांतव्वानं दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. तिनं लेकाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि आक्कांकडं वळून म्हणाली, "इन्नोम्मे. परत एकदा लाव गं बाई."

आक्कांनी रिमोट उचलला आणि सामना परत पहिल्यापासून लावला.