उजव्या बाजूचा बोल्ट

उद्यमनगरात शांतिनाथ मगदूम यांच्या गॅरेजवरनं जाणारा नवखा माणूस हमखास थबकतो. खड्ड्यावर गाडी उभी, गाडीत अख्खं कुटुंब बसलेलं, जायचं कुठंच नाही, आणि गाडीखालून आवाज येतोय, "वहिनी, ऐसपैस बसा की! पाहुण्याच्यात आल्यागत आंग चोरू नका."

शांतीअण्णांचं काम सस्पेन्शनचं. शॉकअप आणि स्प्रिंगा बदलल्या की चाकाच्या दांड्यांचे बोल्ट ते आधी नुसते हातानं फिरवून ठेवत. पक्के आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, आणि तिच्यात रोजची माणसं बसवून. चाक लोंबकळत असताना आवळलं तर आतलं रबर पिळवटतं आणि वर्षाच्या आत फाटतं. बाकीचे मिस्त्री गाडी चाकांवर घेत, पण गिऱ्हाइकाच्या सासूबाईंना खड्ड्यावर आणून बसवण्याचा खटाटोप अण्णाच करत. तीस वर्षांत एक बोल्ट ढिला गेला नव्हता, आणि हे ते गिऱ्हाइकाला चहाबरोबर ऐकवत.

गुरुवारी राजवर्धनची गाडी झाली. हा बँकेतला, सासुरवाडी रत्नागिरी. आंबा घाटात वळणावर गाडी अशी कलायची की राजनंदिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मळमळायचं. म्हणून कडक स्प्रिंगा, नवे शॉकअप. संध्याकाळी दोघं लेकीला घेऊन आली, गाडीत बसली. अण्णांनी डावी बाजू आवळली, तेवढ्यात लेकीला शू लागली. सगळी उतरली. त्याच वेळी घरनं अण्णांच्या बायकोचा, त्रिशलाकाकूंचा फोन.

"अवो, दिवस मावळाय लागलाय. जेवणार हायसा का उपाशी निजणार?"

अण्णा जैन, मावळतीनंतर अन्न घेत नाहीत. घर दोन गल्ल्या पलीकडं. उजवी बाजू आल्यावर करू म्हणून ते धावले. परत आले तर राजवर्धन गाडी काढून दोन चकरा मारून बसलेला.

"अण्णा, काय वळती हो! लोणी हाय लोणी!"

कौतुक ऐकलं की अण्णांना पुढचं ऐकू येत नसे. त्यांनी हसून हात जोडले आणि गाडी गेली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर ओतला आणि अण्णा तसेच थिजले. पाना एकाच बाजूला फिरवला होता. उजवा बोल्ट बोटानं घातलेला, तसाच.

फोन लावला. बंद. "सहाला निघणार," राजवर्धन म्हणाला होता. पाना पिशवीत टाकून अण्णांनी मोटारसायकलला किक मारली.

"चहा तरी..." काकू दारातनं म्हणाल्या.

"देवाला सांग, त्यास्नी उशिरा उठीव!"

रस्ताभर ते णमोकार म्हणत होते आणि प्रत्येक ओढ्यात, प्रत्येक उसाच्या फडाच्या कडेला वाकून बघत होते. घाटात नट गळला तर दांडी सुटणार, चाक बाहेर फाकणार. मागच्या सीटवर चार वर्षांची पोर. बांबवडे गेलं. मलकापूर आलं, आणि एका चहाच्या हॉटेलाबाहेर ती पांढरी गाडी दिसली. अण्णांनी मोटारसायकल तशीच भिंतीला टेकवली आणि धावले.

"अण्णा! तुमी हितं?" राजवर्धन वडा घेऊनच पुढं आला. "आमाला निघायलाच सात वाजले. बरं झालं, उजवीकडनं खट-खट येतंय बगा. म्हटलं, नवीन हाय, बसंल हळूहळू."

शेजारी गाड्या धुवायचा रॅम्प होता. गाडी वर चढवली, तिघांना आत बसवलं. अण्णांनी खालून हात लावला. नट चार आटे मागं आला होता. पुढं घाटच होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी आवळला, पुन्हा आवळला, आणि बाहेर आले.

"ह्याला म्हणायचं सर्व्हिस!" राजवर्धननं उतरून मोबाईल काढला. "पन्नास किलोमीटर पाठलाग करून चेकिंग! हिकडं बगा, फोटो टाकतो ग्रुपवर."

नुसतं हसून भागलं असतं.

"फोटो नको," अण्णा म्हणाले. "चेकिंग न्हवं हे. काल आवळायचा ऱ्हायला माझ्याकडनं. सुटाय आला हुता."

राजवर्धनचा मोबाईल खाली आला. राजनंदिनी लेकीला काखोटीला मारून उतरली.

"मी एसटीनं जाते."

"अगं, आता आवळलाय की त्यांनी."

"काल पण आवळलाय असंच समजून गाडी नेली होती."

अण्णांनी पाना पुसला आणि राजवर्धनपुढं धरला.

"आता माझ्या शब्दावर नगं. तुमी सोता लावून बगा. सगळे."

तीस वर्षांत त्यांचं काम कुणी तपासलं नव्हतं. बँकेतला माणूस कपडे सावरत रॅम्पखाली शिरला, पाना उलटा धरला. कुठला बोल्ट ते अण्णा बोटानं दाखवत राहिले, हात लावला नाही. बाहेर राजनंदिनी लेकीला घेऊन उभीच होती.

"त्यो झाला," अण्णा म्हणाले. "आता डावीकडं. सावकाश, काय गडबड न्हाय."