निंबानानांचा चौथा नंबर

धुळ्यात देवपूरच्या रिक्षा स्टँडवर निंबानाना सत्तावीस वर्षं उभे आहेत. परीक्षा, पोलिसांचा दाखला आणि आरटीओच्या सतरा खेपा, एवढं करून त्यांनी छातीवरचा बिल्ला मिळवला. अजून ते रोज सकाळी देवांच्या आधी बिल्ला पुसतात. पण बिल्ल्याहूनही त्यांना प्यारा रांगेतला नंबर. जो आधी आला त्याचा पहिला नंबर, भाडं त्याचंच. गिऱ्हाईक चुकून मागच्या रिक्षात बसलं, तर त्याला पिशवीसकट उठवून पुढच्या रिक्षात बसवायचं. या कामात नानांचा हात धरणारा स्टँडवर दुसरा कोणी नाही.

मग मोबाइलवर रिक्षा बोलावण्याचं अ‍ॅप आलं. लोक घरबसल्या रिक्षा मागवू लागले आणि स्टँडवर माशा मारायची पाळी आली. स्टँडचा अध्यक्ष भूपेंद्र भडकला. जो अ‍ॅप घेईल त्याला रांगेत जागा नाही, असं त्याने बजावलं. नानांनी जोरात मान डोलावली. त्याच आठवड्यात सून सारिकाने त्यांच्या मोबाइलवर अ‍ॅप चढवलं. तिच्यापुढे नानांचं काही चालत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी नानांचा चौथा नंबर होता. मोबाइल वाजला. सारिकाने शिकवल्याप्रमाणे नानांनी बटण दाबलं, नाव-पत्ता वाचला आणि तिथेच सत्तावीस वर्षांची सवय आडवी आली. ते थेट पहिल्या नंबरच्या वनाकडे गेले.

“वना, प्रमिलाबाईकडनं भाडं शे. तुना नंबर शे, तू जाय.”

वना गेला. पाच मिनिटांत नानांना फोन आला. निवृत्त शिक्षिका प्रमिलाबाई वर्गात बोलाव्यात तशा बोलत होत्या.

“मोबाइलवरचा गाडी नंबर वेगळा, फोटो वेगळा. मी या रिक्षात बसणार नाही. माझी जळगावची बस चुकेल.”

आवाज एवढा खणखणीत होता की शेजारी उभ्या भूपेंद्रलाही सगळं कळलं. नानांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाईघाईने रिक्षा काढली.

प्रमिलाबाईंच्या दारात वना आपला बिल्ला पुढे करून थकला होता. बाईंनी नानांना फोटोशी ताडून पाहिलं आणि त्यांच्या रिक्षात पाय ठेवला.

“नाही, बाई,” नाना कळवळून म्हणाले. “मोबाइल माझा, पण नंबर वनाचा आहे.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. “मी वनाच्या रिक्षात बसते. तुम्ही मोबाइल घेऊन मागून या. नजरेआड व्हायचं नाही.”

पांझरा नदीच्या पुलावरून पुढे बाईंना घेऊन वना आणि मागे मोकळी रिक्षा हाकत नाना, अशी वरात एसटी स्टँडवर पोचली. बाईंना बस मिळाली.

वना हसत हसत पुढे गेला. नानांना मात्र परतताना रडू येत होतं. एका बटणापायी आपली जागा गेली, असं त्यांनी धरूनच टाकलं. स्टँडवर येऊन त्यांनी रिक्षा रांगेपासून चार हात लांब लावली.

अ‍ॅपवरचं भाडंही नानांनी रांगेतल्या पहिल्या नंबरालाच दिलं, ही सारी हकीकत वनाकडून ऐकून भूपेंद्र पोट धरून हसत होता. तो तसाच नानांजवळ आला.

“नाना, मांगे कसाले उभा ऱ्हायना? भाडं वना लयी गया. तुना नंबर आजून बाकी शे.”

पुढच्या दोन रिक्षा मधल्या वेळात भाडं घेऊन गेल्या होत्या. रांगेच्या तोंडाशी एका रिक्षाएवढी जागा मागच्या सगळ्यांनी नानांसाठी मोकळी ठेवली होती. नानांनी डोळे पुसले, बिल्ला सरळ केला आणि रिक्षा तिथे नेऊन लावली.