पान एकतीसवरची सही

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही. ज्यांच्यासोबत एका टेबलावर वर्षानुवर्षं बातम्या कापल्या, त्यांनाही नाही. लिहिणं हाच धंदा – तरी हे लिहिलं नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट माहीत नाही. ऐका.

या शहरात काही लोक मला ओळखतात ते एका लेखामुळे. लेख शमीम नावाच्या बाईवर होता. ती उस्मानपुऱ्यात आमच्याच गल्लीत, शेवटच्या घरात राहते. जन्म कराचीचा, पण वडील मूळचे इथलेच; तिकडे गेले आणि पुढे मुलगी परत इथंच, बहिणीच्या मुलाला दिली. तो सलीम. औरंगपुऱ्यात शाळेचे गणवेश शिवतो. कायद्याला हवीत तेवढी वर्षं इथं काढून तिनं भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि अर्ज अडकला. वर्ष नाही, दोन वर्षं नाही – शेवटी सगळी मिळून अकरा वर्षं. मी लिहिलं, ‘टेबलाखाली पाय पसरून बसलेल्यांनी एका बाईच्या आयुष्याचं पायपुसणं केलं आहे.’ लोकांनी फोन केले. दोन ठिकाणी सत्कार झाला. शाली अजून कपाटात आहेत.

कारकुनांबद्दल मला तुच्छता होती, ती खरी होती. दुपारी एकला खुर्चीच्या पाठीवर रुमाल टाकून गायब होणारी माणसं. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे आयुष्यातलं एकमेव पाठांतर. पण खरं सांगू का? वाट पाहणाऱ्यांबद्दल मला त्याहून जास्त तुच्छता होती. शमीम दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत जायची. गणवेशाच्या उरलेल्या कापडाची पिशवी, त्यात फाइल, पाण्याची बाटली आणि सलीमनं दिलेले शर्ट. तिथल्या बाकावर बसून ती काजं-बटणं करायची. शिपाई तिला ओळखायचा, ‘आलात का?’ म्हणायचा, आणि ती त्याला हसून सलाम करायची. मला वाटायचं, ही बाई ओरडत का नाही? एक दिवस टेबल उलथून का टाकत नाही? त्या बाकावर तिनं किती शाळांची बटणं लावली असतील?

व्हिसा दर वर्षी वाढवून घ्यायचा. परवानगीशिवाय शहराबाहेर जायचं नाही. जालन्याला नणंदेकडे लग्न होतं, परवानगी वेळेत आली नाही. सगळं घर गेलं, ही एकटी दाराला कडी लावून मागं राहिली. हे मला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

आता पाण्याकडे येतो – त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

धरणात मृतसाठा उरला होता ते वर्ष. शहर वाढत होतं, बिडकीनच्या अंगाला कारखान्यांसाठी शेतं मोजली जात होती, आणि आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही पाऊण तास. मी नळाला टिल्लू मोटर लावली होती. ती पाणी ओढून घेते. गल्लीच्या टोकाला काही उरत नाही. टोकाला शमीमचं घर होतं. त्याच आठवड्यात मी अग्रलेखाशेजारच्या स्तंभात लिहिलं होतं की मोटर लावणाऱ्यांचे नळ तोडा, नावं जाहीर करा.

शमीम रिकामी कळशी घेऊन माझ्या फाटकाशी आली. गल्ली भरलेली होती.

“भाईसाब, पेपर में तुमीच लिखे ना, मोटर वालों का नल काटो बोलके? फिर ये क्या घूं-घूं कर री तुम्हारे आंगन में?”

समोरचे साळवेकाका – महापालिकेतून निवृत्त झालेले, जिभेला हाड नसलेले – कट्ट्यावरूनच ओरडले, “कूलर असंल वो भाभी, सायबाचा! लई गरम व्हतंय त्यास्नी लिव्हताना!”

गल्ली हसली. बायका हसल्या, पोरं हसली. शमीमसुद्धा हसली – मनात काही न ठेवता. भांडण तिच्याकडून तिथंच संपलं. मी मोटर बंद केली. पुढच्या पाळीला पुन्हा लावली, वर गोणपाट टाकून. आवाज येऊ नये म्हणून.

पंधरा दिवसही झाले नसतील, तिच्या अर्जाच्या चौकशीला हवालदार आला. अर्जाआधीचं एक वर्ष अर्जदार सलग इथंच राहिला का, एवढाच प्रश्न होता. दोन शेजाऱ्यांचे जबाब हवे होते. साळवेकाकांचा घेतला. ते माझ्या खोलीपर्यंत ऐकू येत होते – “आवं, ती बाई जालन्याला जायाला भेती, अन् तुम्ही इचारता हितं राहती का म्हणून! लिहा, व्हय.”

मग तो माझ्याकडे आला. खुर्चीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. त्याच सकाळी शमीम गणवेशांचं गाठोडं घेऊन माझ्या दारावरून गेली होती. मी जबाब सांगितला. सांगितला म्हणजे – अगदी तोलूनमापून. ‘सदर महिला अधूनमधून दिसते. ती येथे सलग वास्तव्यास आहे किंवा कसे, याबाबत निश्चित सांगता येत नाही.’

हवालदारानं पेन थांबवलं. “साहेब, साळवे तर म्हणतो, रोज दिसती.”

“त्यांचं त्यांनी सांगितलं. मी माझं सांगतो.”

“बरं. तुम्ही पेपरवाले. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं.

हे खोटं होतं का? न्यूजरूममध्ये आम्ही असली वाक्यं रोज वापरतो, अंगावर काही येऊ नये म्हणून. त्या वाक्यातलं ‘निश्चित’ मी मुद्दाम घातलं. अर्जदाराचा जन्म कुठला, हे कागदावर वर लिहिलेलंच होतं. उरलेली शंका वाचणारा स्वतः पुरवील, हे मला ठाऊक होतं. तिचा धर्म, तिचा देश – याबद्दल माझ्या मनात काही नव्हतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. नसेलही. पण दुसऱ्यांच्या मनात काय आहे याचा मी वापर केला. कशासाठी? एका कळशीसाठी. गल्ली हसली म्हणून.

फाइल मागं आली. साळवेकाकांना हवालदाराकडून काय ते कळलं असावं. एकदाच, रस्त्यात, माझ्याकडे न बघता म्हणाले, “सायेब, तुमची मोटर लई लांबचं पाणी वढती.” पुढं ते मुलाकडे नव्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. त्यांनी शमीमला का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस कुठं होतं?

इथवर सगळं एका संतापी दुपारचं म्हणून खपवता आलं असतं. खरी गोष्ट यानंतरची आहे.

दोन-तीन वर्षांनी सलीमनं माहितीच्या अधिकारात फाइलच्या प्रती मिळवल्या. शिंप्याच्या दोऱ्यानं टाचलेला गठ्ठा. पानांवर शमीमनं उर्दूत आकडे टाकलेले. दोघंही उर्दू शाळेत शिकलेले, हातानं लिहिलेलं मराठी त्यांना लागेना. तो गठ्ठा घेऊन ती कुणाकडे आली असेल? माझ्याकडे. गल्लीतला शिकलेला माणूस, पेपरवाला.

“भाईसाब, इसमें किधर अटका है, जरा देखो ना. अम्मी की तबियत ठीक नै. कागद हो गया तो कराची जाके आऊंगी.”

त्याआधी ती गेली असती आणि हा अर्ज फेटाळला गेला असता, तर नव्या अर्जासाठी सलग वास्तव्य पुन्हा पहिल्यापासून मोजलं गेलं असतं. आणि परत येऊ देतील याची हमी कुणी देत नव्हतं. हे तिनं मला समजावून सांगितलं. मला. मी पानं उलटत होतो. पान एकतीस – माझा जबाब, माझी सही. बत्तीसवर शेरा – ‘शेजाऱ्यांच्या जबाबांत तफावत. सलग वास्तव्य सिद्ध होत नाही.’ ती समोर बसून माझ्या बोटाकडे बघत होती.

एका ओळीचा कागद पुरला असता. ‘माझा आधीचा जबाब चुकीचा आहे.’ दुसऱ्या दिवशी देता आला असता. मग काय झालं असतं? बातमी झाली असती – आतल्या पानावर, एक कॉलम. तेवढ्याला मी घाबरलो. जेवढ्या कॉलमात मी रोज दुसऱ्यांना चिरडत होतो, तेवढ्याला.

“पोलिसांचा एक कागद कमी आहे,” मी म्हणालो. “ऑफिसचा घोळ. थांबावं लागेल.”

“ठीक है,” ती म्हणाली. “रुकना तो आता है हमको.”

पुढच्या उन्हाळ्यात तिची आई गेली. फोन आला तेव्हा आमच्या गल्लीच्या पाण्याची पाळी होती. शमीमनं फोन ठेवला, उरलेल्या कळशा भरल्या, नळ गेला, आणि मग ती उंबऱ्यात खाली बसली. मी फाटकातून बघत होतो. माझ्या अंगणात गोणपाटाखाली मोटर चालू होती.

लेख मी त्यानंतर लिहिला. लेखामुळे फेरचौकशी लागली, दुसरा हवालदार आला, आणि मी खणखणीत जबाब दिला – ही बाई एक दिवसही बाहेर गेलेली नाही. त्या वेळी त्यात धोका नव्हता, उलट शोभत होतं. तरी पुढं वर्षं गेलीच. अर्ज औरंगाबादमधून केला होता. प्रमाणपत्र आलं तोवर शहर छत्रपती संभाजीनगर झालं होतं. शपथेच्या दिवशी मी सोबत हवाच, असा तिचा हट्ट. मी गेलो. त्यांच्या घरात फोटो आहे: सलीम, शमीम, मी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगते, “भाईसाब ने काम कराया.” मी कधी ‘नाही’ म्हटलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे बसलो होतो; कपाट आवरताना तिनं तोच गठ्ठा बाहेर काढला. वर माझ्या लेखाचं कात्रण, प्लास्टिकमध्ये घालून जपलेलं.

“अब इसका कुछ काम है क्या, भाईसाब?”

“नाही,” मी लगेच म्हणालो. “टाकून द्या.”

तिनं गठ्ठा हातात तोलून पाहिला. “नै. इत्ते साल गए इसमें. कैसे फेंकूं?” सैल झालेला दोरा सुईनं पुन्हा आवळला आणि गठ्ठा आत ठेवून दिला.

पान एकतीस तिथंच आहे. सही पूर्ण नावाची आहे, शाई उतरलेली नाही, वाचता येते.