उदारामनं जोडलेलं हेल्मेट

दवनीवाड्यात कोणाची सायकल बिघडली का ते उदारामकडंच येते. माहा चहाचा ठेला त्याच्या दुकानाले लागून, मधात एक कडुलिंब तेवढा. वीस वर्षांपासून पाहून राहिलो, या बुवानं कोणती वस्तू कधी फेकली नाही. फुटकी बादली, तुटकी चप्पल, पोट्ट्यांची खेळणी, सगळ्याले सोल्युशन लावते अन् ट्यूबचा तुकडा चिकटवते. "माणसानं बनवलं ते माणूस जोडू शकते," हे त्याचं म्हणणं. मी चिडवाचो, "अबे उदाराम, माही बायको रुसून बसली, तिलेही थोडं सोल्युशन लाव न!" तवा तो पोट धरून हसाचा. आता नाही हसत.

एकुलती एक पोरगी त्याची, प्राची. अकरावीत गेली तं कॉलेज सात किलोमीटरवर. बापानं भंगारातल्या दोन सायकलींची एक करून देल्ली, अन् नागपूरच्या मामानं, देवेंद्रनं, हेल्मेट पाठवलं. गावाले फुकटचा तमाशा भेटला बाप्पा! सायकलवर हेल्मेट! "कोहळं चाललं रे, कोहळं!" म्हणून पोट्टे ओरडाचे. खोटं कायले बोलू, मीही हसलो. पोरगी मात्र तिखट. "हसा काकाजी, डोकं माहं हाये," म्हणे अन् निघून जाये.

दिवाळीनंतर एक दिवस वळणावर डुक्कर आडवं आलं. प्राची उडाली अन् किलोमीटरच्या दगडावर डोक्यानं आदळली. हेल्मेट तडकलं, पण पोरीच्या डोक्याले खरचटलंही नाही. गावाचं हसू तिथंच बंद झालं. उदारामनं त्या हेल्मेटले हळदकुंकू वाहिलं.

देवेंद्रनं फोनवर सांगतलं, "भाऊजी, ते फेका आता. आतला थर्माकोल एकदाच मार खाते, मंग काही कामाचं नाही राहत. मी दुसरं पाठवून राहिलो." नवं हेल्मेट डब्यात बंद होऊन आलंही. पण उदाराम काही ऐकते? "ज्यानं माह्या पोरीचा जीव वाचवला त्याले उकिरड्यावर टाकू? म्हातारा झाला म्हणून बैलाले कोणी घराबाहेर हाकलते का?" दोन दिवस तो दुसऱ्या कामाले शिवला नाही. आतून थर्माकोल कोंबला, भेगेत सोल्युशन भरलं, बाहेरून रबराची पट्टी मारली अन् वरून निळा रंग देल्ला. कुठं जोडलं ते ओळखून दाखवा म्हणे. मले तं नाही ओळखता आलं. नवा डबा फळीवर ठेवला, जुनं बिघडलं का काढू म्हणून.

एका सकाळी प्राची माह्या ठेल्यापाशी थांबली. पट्टा आवळत हळूच म्हणे, "काकाजी, हे डोक्यावर हलते. आतून करकर वाजते."

"मंग नवं काऊन नाही घालत? बापाले सांग न."

"नोको. किती जीव लावून बनवलं बाबानं. वाईट वाटन त्याले. तुमीही सांगू नोका."

अन् मी हो म्हणलो. मनात म्हणलो, किती समजदार पोरगी हाये. थू माह्या अकलेवर!

मंग पावसाळा लागला, धानाच्या रोवण्याचे दिवस आले. ट्रॅक्टरच्या चाकांनी धानाच्या बांधीतला चिखल डांबरी रस्त्यावर आणून टाकला होता. तिथं सायकल घसरली अन् तिचं डोकं पुलाच्या कठड्यावर आदळलं. जिथं जोडलं होतं तिथंच हेल्मेटच्या दोन फाका झाल्या. गोंदियाच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आमची प्राची गेली.

उदारामनं डॉक्टरचा हात धरला. "साहेब, नवं असतं तं वाचली असती का?" डॉक्टर भला माणूस, खोटं नाही बोलला. "नक्की नाही सांगता येत. पण मार कमी बसला असता," म्हणे. त्याची बायको दुर्पता तेव्हापासून दुकानाकडं फिरकली नाही.

दुकान सुरू हाये. पंक्चर काढते, चेन बसवते. नवं हेल्मेट त्यानं प्राचीच्या मैत्रिणीले, रीनाले, देल्लं. रोज सकाळी तिले थांबवते, पट्ट्यात बोट घालून पाहते, डोक्यावर हलते का ते तपासते, मंगच जाऊ देते. अन् कोणी तडकलेलं हेल्मेट चिकटवाले आणलं, तं हातोडा घेऊन त्याच्यासमोरच फोडते. लोक भांडतात. मी मधात पडतो अन् त्यायले चहा पाजून रवाना करतो.

चार वाजता तो माह्या बाकड्यावर येऊन बसते अन् रोज एकच इचारते. "कवडू, प्राची तुह्यापाशी थांबाची न? कधी काही म्हणली का रे? टोचते, हलते, असं काही?"

खरं सांगतलं तं त्याले कळन, पोरीले सारं समजलं होतं, पण बापाचं मन राखाले तिनं तेच डोक्यावर ठेवलं. मंग हा माणूस जगन का? अन् नाही सांगतलं तं माहं पाप माह्यापाशी.

मी चहाच्या गंजात साखर टाकतो अन् म्हणतो, "नाही बा. चांगलं बसते म्हणे. माह्या बाबानं बनवलं म्हणे."

तो मान हलवते, चहा पिते, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा इचारते.