खिशातले हात

आमच्या घराची एक भिंत लूमच्या कारखान्याला लागून. मागांच्या खडखडाटात शेजारी बसलेल्याचं बोलणंसुद्धा ऐकू यायचं नाही, म्हणून लहानपणी मी आणि धाकट्या भावाने हातांची भाषा बनवली. नुसते इशारे नव्हेत, भाषा. तिचे नियम ठरवताना आम्ही एकमेकांचे केस उपटलेत. झोपलो, रडलो, पडलो, तर तेवढीच खूण पुरे. पण मारलं, दिलं, विकलं, म्हणजे दुसऱ्यावर जाऊन पडणारं काम असेल, तर करणाऱ्याच्या खुणेला मूठ जोडायची आणि तिथून हात ज्याच्यावर बेतलं त्याच्यापर्यंत न्यायचा. मूठ नसेल तर ते वाक्य आम्ही धरायचोच नाही.

लूमवर ड्युटी करून करून बाबांचे कान गेले, तेव्हा त्यांनी हीच भाषा आमच्याकडून शिकून घेतली. आता त्यांच्याशी आम्ही हातानेच बोलतो.

परवा भाऊ एजंटला घेऊन आला. हे घर विकून काल्हेरला फ्लॅट घ्यायचा म्हणे. घर बाबांच्या नावावर, आणि बोलणी चालली त्यांच्याच समोर, तोंडाने, हिंदीत! बाबा एकदा याच्या तोंडाकडे बघायचे, एकदा त्याच्या. शेवटी त्यांनी हातानेच विचारलं, काय चाललंय?

भावाने एका हाताने उरकलं : घर, जाणं. मूठ नाही, कोणाचं नाव नाही. जसे काही घरालाच पाय फुटले! मग दोन्ही हात खिशात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नीट सांग त्यांना. कोण विकतंय, कोणाचं विकतंय?"

"ताई, बाहेरच्या माणसासमोर हात काय नाचवायचे? शरम वाटते. आरामात सांगू ना नंतर."

"सही घेतल्यावर?"

शरम म्हणे! बाबांकडे बाईकचा हट्ट याच हातांनी केला होता मेल्याने.

मीच सांगायला हात उचलले, तर बाबांनी मान हलवून मला थांबवलं. उठले, भावापुढे उभे राहिले आणि त्याचे दोन्ही हात खिशातून बाहेर काढून सोडून दिले.

भावाने कशीबशी मूठ स्वतःच्या छातीवर टेकली. तिथून हात पुढे आला, बाबांच्या छातीपर्यंत पोचला आणि तिथेच अडला. विकण्याची खूण करायला तो धजेना. बाबा जागचे हलले नाहीत.

मी एजंटला दार दाखवलं.